भूमितीच्या पेपराआधी पोचायचं

८ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा वाढलं! अंघोळीला जाताना एक भाडं, केस पुसत बाहेर आले तर दुसरं. तेवढ्या वेळात असं काय झालं? डॅलसहून मुंबईला जायचं आज सकाळीच कुणाकुणाच्या मनात आलं?

रुही म्हणते, "तू सारखी सारखी बघतेस ना यार, त्यांना कळतं तुला गरज आहे. इन्कॉग्निटोमधे बघ." बघितलं. तिथे आणखी जास्त! "मग साध्यातच बघ," म्हणाली आणि मॅगी खात बसली. रुही माझी रूममेट, नागपूरची. ती घरी कितीदा जाऊन आली. मी इथे पीएचडीला आल्यापासून एकदाही नाही. दरवेळी काहीतरी आडवं आलं – पैसे, परीक्षा, लॅब.

पण या वेळी जायचंच. आई दहावीला बसली आहे! बाहेरून, सतरा नंबरचा फॉर्म भरून. आठवीत तिची शाळा सुटली, मग लग्न, मग मी, मग कृष्णा, मग बार्शीतल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज – आणि आता चव्वेचाळिसाव्या वर्षी दहावी. दिवाळीत फोनवर सांगितलं तेव्हा मी लॅबमधे ओरडलेच. सगळे बघायला लागले. मला त्यांना सांगताही येईना की काय झालंय. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. तेव्हापासून तिच्या मागे लागले होते, आता तू, आता तू. आणि ती खरंच बसली!

भूमितीचा पेपर ९ मार्चला. "तेवढ्याला तू पाहिजेस," म्हणाली. "आत नको. नुसती फाटकाशी उभी राहा." आमची सुट्टी नेमकी त्याच आठवड्यात. लॅबच्या सरांनी काल हो म्हटलं.

आता फक्त तिकीट.

११ फेब्रुवारी, बुधवार

काही कळत नाही. तेच विमान, तोच दिवस, तीन साइटवर तीन भाव. एकीवर सगळ्यात स्वस्त – पण बॅग न घेता. बॅग घातली की सगळ्यात महाग! दुसरीवर न्यूयॉर्क, पॅरिस, दिल्ली, मग मुंबई. पॅरिसला अख्खा दिवस बाकावर. तिसरं इतकं स्वस्त की मी कार्ड काढलंसुद्धा. रुहीनं हात धरला. "हे दोन वेगळ्या तिकिटांचं आहे. पहिलं विमान लेट झालं की दुसरं गेलं. ते म्हणणार, आमचा काय संबंध?" म्हणजे अटलांटिक ओलांडायचा मी, धावायचं मी, आणि विमानांची मात्र एकमेकांशी ओळखसुद्धा नाही.

लॅबमधे एकजण म्हणाला मंगळवारी स्वस्त असतं. मंगळवार काल होता.

१२ फेब्रुवारी

आज बघायचंच नाही असं ठरवलं. (तीनदा बघितलं.)

१४ फेब्रुवारी, शनिवार

मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज – "सासूबाई ६ मार्चला डॅलसहून मुंबईला जात आहेत, फ्रँकफर्टमार्गे. सोबत हवी आहे. सोबत करणाऱ्याच्या तिकिटाचा अर्धा भार आम्ही उचलू. – दीपा, अर्विंग."

६ मार्च! मीच! मीच ती सोबत!

अशा सोबतीचे मेसेज ग्रुपवर नेहमी येतात. कुणाची आई, कुणाचे सासरे, एकटे येणार, एकटे जाणार. बाकी गावांची माणसं काय करतात कोण जाणे, आपल्याकडे ओळखदेख नसलेल्या मुलीच्या हाती आई सोपवतात आणि निर्धास्त होतात. मी हे मेसेज नुसते वाचून पुढे जायचे. आज लगेच फोन केला. दीपाताईंनी आधी गाव विचारलं, मग कॉलेज, मग "एकटीच राहतेस का?" मग म्हणाल्या, "मंगळवारी घरी ये. आईंना भेट."

नोकरीचा इंटरव्ह्यूसुद्धा इतका अवघड गेला नव्हता. (नोकरीचा दिलेलाच नाही म्हणा.)

१५ फेब्रुवारी, रविवार

आईची शिकवणी. दिवाळीपासून दर रविवारी सकाळी माझ्याकडे नऊ, तिच्याकडे संध्याकाळ. आज समरूप त्रिकोण. मी पांढऱ्या फळ्यावर काढते, ती फोन मिशीनच्या डब्यावर टेकवून बसते.

"कळलं का?"

"कळलं."

"मग सांग, हा कोन कुणाएवढा?"

"तू बारीक झालीस."

"आई!"

"गालच राहिले नाहीत बघ. भात खातेस का नुसतं ते डब्यातलं?"

वही दाखव म्हटलं तर म्हणाली, वही कृष्णाकडे आहे. कृष्णा कशाला तिची वही नेईल? तो आयटीआयला जातो. पण त्यानंही मागून ओरडून सांगितलं, "हाय माझ्याकडं, ताई!" असेल.

मला काळजी वाटते. ऐकते सगळं, मन लावून ऐकते, डोळा हलत नाही तिचा स्क्रीनवरून. पण विचारलं की उत्तर येत नाही. मी नीट शिकवत नाही का? लहान मुलांना शिकवणं वेगळं आणि आईला शिकवणं वेगळं असावं. जरा चढ्या आवाजात बोलले की मलाच कसंतरी होतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

अर्विंगला जाऊन आले. दीपाताई, श्रीरंगदादा, त्यांची नऊ वर्षांची आन्या आणि काकू. लतिकाकाकू. साताऱ्याच्या. एकाहत्तर वर्षं, पांढरे बूट, कमरेला पदर खोचलेला. मी पोचले तेव्हा घरामागच्या तळ्याला चकरा मारून आल्या होत्या आणि साधा दमसुद्धा लागला नव्हता. मला आवडल्या. मी त्यांना आवडले की नाही कळलं नाही. "इतकी गंभीर का गं?" म्हणाल्या.

सगळं ठरत आलं होतं. मग श्रीरंगदादा सहज म्हणाले, "आईच्या तिकिटात व्हीलचेअर टाकलीच आहे. तू फक्त तिच्याबरोबर चालायचंस."

मी विचारलं, "काकूंच्या पायाला काही झालंय का?"

आन्या फ्रिजमधून ज्यूस काढत म्हणाली, "आजी वॉक्स फास्टर दॅन बाबा."

सगळे हसले. मीही हसले. पण मग विचारलं – विचारायला नको होतं का? – की मग खुर्ची का?

"अगं, सगळेच मागतात," दीपाताई म्हणाल्या.

"पायांसाठी नसते ती," दादा म्हणाले. "पाट्यांसाठी असते. आईला पाट्या वाचत फिरायला नको. खुर्ची ढकलणारा माणूस थेट गेटवर नेऊन सोडतो."

"पण खरंच ज्याला चालता येत नाही, त्याला खुर्ची कमी पडली तर?"

तेव्हा कुणी हसलं नाही. काकू शेंगदाणे सोलत होत्या, सोलतच राहिल्या. मी पुढे आणखी बोलले, मला वाटतं बरंच बोलले. खोटं बोलून सोय घ्यायची आणि मग देशात गेल्यावर लोक रांगा मोडतात म्हणून नावं ठेवायची वगैरे. चहा गार झाला.

१८ फेब्रुवारी

दीपाताईंचा मेसेज. "तू अजून नवीन आहेस ना इकडे, म्हणून तुला असं वाटतं. असो. आम्ही दुसरं कोणी बघतो. अभ्यासाला शुभेच्छा." आणि हात जोडलेले.

रुही म्हणाली, "तुला काय करायचं होतं गं? ती चेअर तुझ्या डोक्यावर होती का?"

नव्हती. पण मी चूक काय बोलले? एकही वाक्य चूक नव्हतं. आणि आता आईच्या पेपराला पोचायचा एक रस्ता होता तो मीच बुजवला.

विमानांचे भाव बघितले. बघायला नको होते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मराठीचा पेपर झाला! उठल्या उठल्या फोन. आई घरी आली होती, साडीसुद्धा रोजचीच. "बरा गेला," म्हणाली.

"निबंध कुठला लिहिलास?"

"मुलीवर."

"असा विषय होता?"

"होता की."

"काय लिहिलंस?"

"लिहिलं आपलं. लांब असते, म्हणून."

परीक्षेच्या मंडळानं असा विषय का द्यावा हे मात्र समजलं नाही. आमच्या वेळी 'पाणी वाचवा' असायचं.

कृष्णाला म्हटलं प्रश्नपत्रिकेचा फोटो पाठव. म्हणाला, "आईनं तिथंच टाकली, ताई." टाकली! मी माझी पहिली प्रश्नपत्रिका अजून जपून ठेवली आहे.

तिला तिकिटाचं सांगितलं नाही. "विमान ठरलं का?" विचारत होती. "ठरतंय," म्हटलं. म्हणजे मीही खोटंच बोलले की.

२२ फेब्रुवारी, रविवार

शिकवणी चालू असतानाच अनोळखी नंबर. घेतला नाही. परत आला. आईला थांब म्हटलं.

"काय गं, तूच ना ती हरिश्चंद्राची नात?"

लतिकाकाकू! दीपाताईंना न सांगता, आन्याकडून नंबर काढून.

"दुसरी कोणी मिळाली नाही," म्हणाल्या. "एक मिळाली होती, ती म्हणे खिडकीच पाहिजे आणि वाटेत बोलायचं नाही. तिच्यापेक्षा तू बरी."

मी म्हटलं, काकू, मी यायला तयारच आहे. खुर्चीशिवाय. मी आहे ना बरोबर, मी वाचेन पाट्या.

"तू कितीदा गेलीस त्या फ्रँकफर्टातून?"

"…एकदाही नाही. येताना लंडनवरून आले होते."

"एकदा आलेली मुलगी मला पाट्या वाचून दाखवणार!" हसल्या. मग हसणं थांबलं. गेल्या वेळी म्हणे त्या एकट्याच आल्या होत्या. फ्रँकफर्टला गेटवर जाऊन बसल्या, शहाण्यासारख्या, वेळेच्या आधी. मधेच गेट बदललं. यांना पत्ता नाही. विमान गेलं. काच पुसणाऱ्या एका बाईनं हाताला धरून काउंटरवर नेलं. श्रीरंगदादांना एवढंच माहीत आहे की विमान उशिरा सुटलं.

"पाय धड आहेत गं माझे," म्हणाल्या. "घाबरते मी. आता घाबरणाऱ्या माणसाला खुर्ची देतात का? नाही देत. मग गुडघ्यांच्या नावानं मागायची."

खुर्ची खोटी आहे. भीती खरी आहे. मी हो म्हटलं.

तत्त्व सोडलं का? की काकूंचं पटलं? की फक्त तिकीट हवं होतं? खरं सांगायचं तर – तिन्ही. आणि कुठलं किती, ते मला सांगता येणार नाही.

आई तेवढा वेळ स्क्रीनवर तशीच बसून होती. म्हटलं, आई, सॉरी, भूमिती राहिली. म्हणाली, "राहू दे. तू बोलत होतीस ते बघत होते."

२४ फेब्रुवारी

तिकीट झालं!! काकूंनी घरी काय सांगितलं कोण जाणे, दीपाताईंनी अर्धे पैसे पाठवले. काकूंच्या शेजारची सीट. मधली. खिडकी मी मागितलीच नाही.

१ मार्च, रविवार

आईचं अभ्यासात लक्ष नाही. मी पायथागोरस काढतेय आणि तिला विचारायचंय की मला थालीपीठ पाहिजे का धपाटे, गादी नवी भरून घ्यायची का, मी अजून दूध पिते का. शेवटी मी फळा बाजूला ठेवला. "आई, हे तुझं वर्ष आहे. माझ्या गादीचं नंतर बघू."

मग म्हणाली, "बरं. सांग त्या पायथ्याचं."

आप्पांना फोन द्यायला सांगितला. आप्पा, माझे वडील, टेम्पोवर भाजी वाहतात, बोलणं मोजकंच. विचारलं, आई रात्री अभ्यास करते का? म्हणाले, "तू ये, मग बोलू." म्हणजे काय? करत नाही की काय? नापास झाली तर? मी उगाच भरीला घातलं का तिला? शेजारणी काय म्हणतील – पोरगी अमेरिकेत आणि आई दहावीला गचकली. तिला किती लागेल ते. मी तिच्या जागी असते तर...

नाही. नापास झाली तर पुन्हा बसेल. मी पुन्हा येईन. (कशी?)

५ मार्च

बीजगणित झालं. "कसं गेलं?" – "गेलं एकदाचं." आणखी काही सांगेना. "तू निघालीस का?" उद्या, आई, उद्या!

६ मार्च, शुक्रवार. डॅलस, गेटवर

खुर्च्यांची नुसती रांग! त्यात सगळे आपलेच – कुणी कानटोपी घातलेले काका, कुणी साडीवर स्वेटर घातलेल्या काकू, प्रत्येकाच्या पायात धावायचे बूट. मला हसू आलं आणि लाजही वाटली. लतिकाकाकू मात्र पर्स मांडीवर घेऊन अशा बसल्या की जणू मिरवणूक निघतेय. "चला," म्हणाल्या.

खुर्ची ढकलणारी बाई माझ्या आईपेक्षा मोठी असेल. मला राहवेना. म्हटलं, मी ढकलते. तिनं मान हलवली – हे माझं काम आहे, तू बॅगा घे. पुन्हा चूक माझीच.

गेटवर सोडल्यावर ती वळली आणि काकू टुणकन उठून बाथरूमकडे निघाल्या, माझ्यापेक्षा भराभर. त्या बाईनं बघितलं. मला वाटलं आता काहीतरी बोलणार. तिनं डोळा मारला!

विमानाला उशीर आहे असं आत्ताच सांगितलं. फ्रँकफर्टला आमच्याकडे मुळातच वेळ थोडा. आणखी किती उशीर ते कुणी सांगत नाही.

७ मार्च, शनिवार. विमानात

दुसऱ्या विमानात! मिळालं! अजून खरं वाटत नाही.

फ्रँकफर्टला उतरलो तेव्हा मुंबईच्या विमानात लोक चढायलाही लागले होते, तेवढाच वेळ हातात होता. पुढे पुन्हा तपासणी, आणि तिची रांग अशी की शेवट दिसेना. मी त्या रांगेकडे बघितलं आणि मला आईचं फाटक दिसायचं बंद झालं. खरंच, डोळ्यांसमोरून गेलं. सोमवारचा पेपर, ती एकटी आत जातेय, मागे वळून बघतेय.

तेवढ्यात काकूंच्या नावाची पाटी धरून एक मुलगा. काकू खुर्चीत, बॅगा त्यांच्या मांडीवर, आणि तो पळत सुटला. मी मागून. वेगळं दार, वेगळी रांग, वेगळी लिफ्ट. पाटी एकही वाचली नाही. डॅलसहून आमच्या मागच्याच सीटवर एक मुलगा होता, त्यालाही मुंबईच. तो त्या मोठ्या रांगेत उभा राहिलेला मी बघितला. या विमानात तो नाही. मी सगळीकडे बघून आले.

म्हणजे माझी जागा त्या खोट्यावर आहे. काकूंना तसं म्हटलं. त्या संत्रं सोलत होत्या. "हं," म्हणाल्या. "मग परत करतेस का?"

नाही. नाही करत. तेवढंच पक्कं माहीत आहे. बाकी मला काही माहीत नाही.

काकू झोपल्या. झोपेत माझी बाही धरून आहेत.

८ मार्च, रविवार. बार्शी

पोचले. मुंबईला काकूंना त्यांच्या पुतण्याच्या हाती दिलं, तिथून गाडीनं कुर्डुवाडी, तिथे कृष्णा मोटारसायकल घेऊन. उंच झालाय. वाटेत पेपरांचं विचारलं की हॉर्न वाजवायचा.

आईनं माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. मग पुन्हा फिरवला. म्हटलं, चल, एकदा समरूप त्रिकोण बघून घेऊ. "आज नको गं," म्हणाली. म्हटलं, उद्या पेपर आहे! "आज नको."

घाबरली असेल. मीही दहावीला आदल्या दिवशी पुस्तक उघडलं नव्हतं. शेजारी झोपलीय. अजून जागी आहे, मला कळतंय.

९ मार्च, सोमवार

पहाटेच उठून तिची तयारी काढली. दोन पेनं, पेन्सिल, पट्टी, कर्कटक. हॉलतिकीट कुठंय विचारलं. ती ओट्यापाशी थालीपीठ थापत होती. थापतच राहिली. आप्पा उठले आणि टेम्पो पुसायला गेले. कृष्णा त्यांच्या मागोमाग.

"मी बसलेच नाही परीक्षेला," ती म्हणाली.

"आजच्या?"

"कुठल्याच."

मी म्हटलं, मराठीचा पेपर? बीजगणित? तिनं थालीपीठ उलटलं.

"नुसतं ये म्हटलं असतं तर आली असतीस का?" माझ्याकडे न बघता. "आणि शिकवायचं म्हणून दर रविवारी तासभर समोर बसायचीस."

तोंडात दहा वाक्यं आली. सगळी बरोबर होती. एकही बाहेर पडलं नाही.

तिनं ताट पुढे सरकवलं. "भांडायचं तर भांड. पण आधी खा."

खाल्लं.